निस्तार, भागीदारी आणि ‘गौण’ बांबू

कडीपत्ता : वनव्यवस्थापनावरचं एक टिपण मराठीत आणतेय. त्यात ‘स्थानिक लोकांशी पार्टनरशिप’ पानोपानी येते. ‘भागीदारी’ लिहिलं की किराणा दुकान डोळ्यांपुढे येतं, ‘सहभाग’ लिहिलं की प्रभातफेरी. शिवाय एके ठिकाणी ‘निस्तार राइट्स’ आहे. मला फक्त ‘आता तूच निस्तर’ एवढंच ठाऊक!

तिरफळ : सरकारी शब्द ‘संयुक्त वनव्यवस्थापन’. केंद्राचं परिपत्रक जून १९९० चं, राज्याचा शासन निर्णय १९९२ चा. जंगल वनखात्याचं, राखण गावच्या समितीची, उत्पन्नात गावाला थोडा वाटा. तुमचं टिपण या धर्तीचं असेल तर ‘सहभाग’च लिहा. भागीदार म्हटला की तो हिशेबाची वही बघायला मागतो.

पळसपापडी : निस्तार आमच्या विदर्भातला. जळण, नांगराचं लाकूड, कुंपणाच्या काट्या, शाकारणीचं गवत, गुरांची चराई, म्हणजे घरची आणि शेतीची गरज गावाभोवतालच्या जमिनीतून, जंगलातून भागवणं. जुन्या मध्यप्रांताच्या कारभारातून आलेला शब्द, म्हणून नागपूर-गडचिरोलीत तो सातबाऱ्याइतका ओळखीचा आणि पुण्यात कोणाच्या गावी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या निस्ताराची व्यवस्था लिहून ठेवणाऱ्या कागदाची, तरतूद आहे, तीही विदर्भापुरती. २००६ च्या वनहक्क कायद्यातही सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ जसाच्या तसा घेतलाय. तेव्हा भाषांतर करू नका, आहे तसा ठेवा.

बोरकूट : आणि ‘निस्तरणे’ त्याचंच भावंड. संस्कृतात निस्तार म्हणजे पार जाणं, सुटका. माझा कयास असा की पश्चिमेकडे क्रियापद उरलं आणि ते दुसऱ्याने केलेल्या घोळाला चिकटलं. विदर्भात नाम उरलं, ते चुलीशी राहिलं. दोन्हीकडे निभावून नेणं आहेच.

मला खरा खटकतो तो ‘गौण वनउपज’मधला गौण. तेंदूपत्ता, मोहफुलं, डिंक, मध. ज्या घराचा उन्हाळा यावर निघतो त्याला हे गौण कसं?

तिरफळ : अहो, ‘मायनर’चं भाषांतर आहे ते. गौण खनिजात वाळू येते, तिच्यावर कोण रुसतं?

पळसपापडी : तिरफळदादा, इथे गौण म्हणवून घेण्यासाठीच भांडण झालं! १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू ‘झाड’ होता, म्हणून त्यावर ताबा खात्याचा. २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनउपजेत घातलं, आणि गौण उपज गोळा करून विकायचा हक्क गावाचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याकडचाच. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव ते. त्यांच्या बाबतीत ‘सहभाग’ लिहिलात तर चूक. कोणी कोणात सहभागी व्हायचं? जुन्या कायद्याच्या व्याख्येतून बांबू निघाला तो पुढे २०१७ मध्ये.

बोरकूट : वर तुम्हीच ‘हक्क मिळाला’ लिहिलंत, पळसपापडीताई.

पळसपापडी : जिभेची सवय. कायद्याच्या नावात ‘वनहक्कांची मान्यता’ आहे, म्हणजे हक्क होताच, सरकारने तो फक्त मान्य केला. बातम्यांत मात्र सर्रास ‘पट्टेवाटप’, पट्टा म्हणजे हक्काचा कागद. वाटप म्हटलं की एक जण देणारा, बाकीचे रांगेत. ‘मान्य झाला’ असं वाचा.

कडीपत्ता : मग असं करते. समित्यांच्या भागात ‘सहभाग’, ग्रामसभेच्या भागात ‘गावाचं व्यवस्थापन’. निस्तार तसाच, पहिल्यांदा येईल तिथे जळण-चराईचा खुलासा. ‘प्रायॉरिटीज’ला काय, अग्रक्रम की प्राधान्यक्रम?

तिरफळ : टिपणात एक-दोन-तीन अशी उतरंड आहे का?

कडीपत्ता : नाही. वणवा, रोपवन, पाणी, वाघ, सगळंच पहिलं.

तिरफळ : मग कसला क्रम? नुसतं ‘भर कशावर’ लिहा.