मदत हवी आहे: सरकारी आर्थिक सल्लागार व्हायचंय, आयईएस (भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा) द्यावी की पीएचडी?

नमस्कार मंडळी, मी शिरोळ तालुक्यातला, सध्या शिवाजी विद्यापीठात एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी ऊस. कारखान्याचं बिल आलं की वडील मला समोर बसवून उतारा (उसातनं साखर किती टक्के निघते ते) किती लावलाय, तोडणी-वाहतूक किती कापलीय ते वाचायला लावतात, त्यातनंच एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, मुळात ठरते कशी हे शोधत गेलो. शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो, मग केंद्र सरकार दर जाहीर करतं. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये होती. हे असं हिशोब मांडून सरकारला सल्ला द्यायचं काम मला मनापासून करायचंय.

घरचे म्हणतात एमपीएससी कर, जागा तरी बऱ्या निघतात. आयईएसच्या जागा फारच थोड्या, त्यात पेपर इंग्रजीतच लिहायचे आणि माझं बीए मराठीतनं झालंय. शिवाय मुख्य आर्थिक सल्लागार बघितले तर रघुराम राजन, अरविंद सुब्रमणियन असे बाहेरनं आलेले अर्थतज्ज्ञ, मग आधी पीएचडीच करावी का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर प्लीज सांगा, गावाकडं विचारायला कोणच नाही.

प्रतिसाद:
भावा, वरची ती एक खुर्ची बघून रस्ता ठरवू नकोस. पीएचडीला वर्षं जातात आणि आयईएसला 30 ची वयाची अट आहे, म्हणून परीक्षा आधी. शेवटच्या वर्षाची मुलं पण बसू शकतात. पोरं अडकतात ती जनरल इकॉनॉमिक्सच्या पहिल्या पेपरला, त्यात मायक्रो इकॉनॉमिक्ससोबत गणित, स्टॅटिस्टिक्स, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासायचं शास्त्र) येतं, तिथं आत्तापासनं हात बसव. इंग्रजीचं म्हणशील तर रोज एक उत्तर वेळ लावून लिही आणि सरांकडनं तपासून घे, नुसतं वाचून इंग्रजी लिहिता येत नाही. निवड झाली की ट्रेनिंग, मग सहायक संचालक म्हणून कुठल्यातरी मंत्रालयात, शेतीच मिळेल असं नाही हं. सोबत रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेचा, डीईपीआर म्हणजे तिथल्या आर्थिक संशोधन विभागासाठीचा, फॉर्मसुद्धा भर, अभ्यास बराच सारखा आहे. आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, घरच्यांना पण ते पटेल.

धागाकर्ता:
लई आभार दादा. इकॉनोमेट्रिक्सला आमच्याकडं दामोदर गुजरातींचं पुस्तक लावलंय, तेवढं पुरेल का?