रविवारचा क्लबहाउस स्टॉल आणि नऊ बाटल्यांचं किट

वैशाली बी-७०४: लिफ्टमध्ये लावलेलं पत्रक कमिटीत कोणी वाचलंय का? "मोफत स्किन चेकअप, नऊ स्टेपचं ग्लो किट, वय १२ पासून पुढे." रविवारी १० ते १, आपल्याच क्लबहाउसमध्ये. सहावी-सातवीच्या मुलींना रेटिनॉल (सुरकुत्यांवरचं व्हिटॅमिन ए) विकायला सोसायटी जागा देतेय. परवानगी कुठल्या मीटिंगमध्ये झाली?

सेक्रेटरी ए-५०२: वैशालीताई, नमस्कार. नेहमीच्या नियमाने दिली आहे. भाडं जमा, पावती फाडलेली आहे. दिवाळीत पणत्यांच्या स्टॉलला देतो तशीच. घ्यायची सक्ती कोणावरही नाही.

वैशाली बी-७०४: पणत्या चेहऱ्याला लावत नाहीत, सर.

प्राची सी-९०३: काकू, नऊ आकडा बघून घाबरू नका. सौम्य क्लेन्झर, ग्लिसरीनचं टोनर, हायल्युरॉनिक सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, लिप बाम अशा सहा-सात वस्तू लावल्या तरी बहुतेकांना काही होत नाही. बाटल्या मोजू नका, लेबल वाचा.

वैशाली बी-७०४: लेबलच वाचलंय. फोटो टाकलेत, नऊच्या नऊ. आणि मी तुझी काकू कधीपासून झाले?

प्राची सी-९०३: सॉरी, ताई 🙏

जोशी ए-१०२: त्वचेच्या त्रासाचं मूळ कारण जड पाणी आहे. टँकरच्या पाण्याचा हार्डनेस रिपोर्ट ग्रुपवर टाकावा.

डॉ. मृणाल सी-३०१: फोटो मोठे करून पाहिले. फेसवॉश सॅलिसिलिक २%. टोनर ग्लायकॉलिक ७%. सीरम तीन: व्हिटॅमिन सी १५%, नायसिनामाइड १०%, रेटिनॉल ०.५%. शिवाय अक्रोडाच्या सालीचा स्क्रब, पील-ऑफ मास्क, मॉइश्चरायझर, आणि १५ मिलीचं सनस्क्रीन. म्हणजे दोन ॲसिड, एक रेटिनॉइड (रेटिनॉल त्याच गटातलं), वरून घासायचं आणि सोलायचं. प्राचीचं बरोबर आहे, प्रश्न नऊचा नाही. प्रश्न या पाच गोष्टी एकाच चेहऱ्यावर, एकाच आठवड्यात, एकाच दिवशी सुरू करण्याचा आहे. पत्रकात तर "रोज सकाळ-संध्याकाळ" लिहिलंय.

डॉ. मृणाल सी-३०१: त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. त्या पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असतात. पाणी आत धरून ठेवणं आणि बाहेरचं बाहेर ठेवणं हे काम त्यांचं. ॲसिड आणि स्क्रबने तो थर पातळ झाला की त्यावर लावलेलं रेटिनॉल जास्त आत जातं. अर्धा टक्का त्वचेला अर्ध्या टक्क्यासारखा लागत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमात चेहऱ्याच्या उत्पादनांत रेटिनॉलची कमाल मर्यादा ०.३% ठेवली आहे. या बाटलीत त्याहून जास्त आहे.

देशपांडे काकू ए-३०४: म्हणूनच मी म्हणते डाळीचं पीठ, साय आणि लिंबू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

सुहास बी-२०१: वहिनी, डाळीचं पीठ भिजवून अलगद लावलं तर ठीक. लिंबू मात्र नको. त्वचेचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.७ ते ५.५, लिंबाचा २ च्या आसपास. रस लावून उन्हात गेलं तर लिंबातल्या द्रव्यामुळे फोड आणि काळे डागही पडतात. साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो, तीही चेहऱ्याला नको. दोन्ही टोकं वाईटच.

प्रणव सी-६०१: म्हणजे भिंतीसारखंच. प्रायमर, पुट्टी, मग दोन हात रंग. फक्त आपली सी विंग अजून पुट्टीवरच आहे 😄

खजिनदार बी-१०३: प्रणव, सी विंगचा दुसरा हात पावसामुळे थांबला होता. ठेकेदाराचं बिलही तसंच रोखलंय. इथे तो विषय नको.

प्रणव सी-६०१: पाऊस जाऊन किती दिवस झाले, सर?

सेक्रेटरी ए-५०२: रंगकामाचा विषय मेंटेनन्सच्या ग्रुपवर घ्यावा ही नम्र विनंती.

जोशी ए-१०२: पुन्हा टाकतो. टँकरच्या पाण्याचा हार्डनेस रिपोर्ट ग्रुपवर टाकावा.

सुहास बी-२०१: कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनच्या बाजूने दोन मुद्दे. प्रत्येक बाटलीची चाचणी एकेकटी होते. तिचा पीएच, तिचं प्रिझर्व्हेटिव्ह, तिचा सुगंध त्या एका बाटलीपुरते मर्यादेत असतात. तोच सुगंध आणि तेच प्रिझर्व्हेटिव्ह नऊ बाटल्यांतून एका चेहऱ्यावर आले की त्वचेला मिळणारी मात्रा वाढते, आणि ॲलर्जी व्हायला हेच दोन घटक नेहमी पुढे असतात. दुसरा मुद्दा माझ्या मते जास्त गंभीर. नऊ वस्तू एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर कशामुळे झाला हे कोणीच सांगू शकत नाही. मग माणूस लाली घालवायला दहावी वस्तू आणतो.

प्राची सी-९०३: हे पटलं. एक दुरुस्ती मात्र हवी, कारण असे फॉरवर्ड इथेच फिरतात. "व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड एकत्र लावलं की विष होतं" हे खरं नाही. साध्या तापमानाला त्यांची रासायनिक क्रिया फार हळू होते.

सुहास बी-२०१: बरोबर. ती भीती अनाठायी आहे. खरी अडचण वेगळी. ॲस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे व्हिटॅमिन सी चं, सीरम त्वचेत उतरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, म्हणजे तेही ॲसिडच. टोनर ॲसिड, सीरम ॲसिड, फेसवॉश ॲसिड. शिवाय हे सीरम हवा-उजेडाने पिवळं, मग तपकिरी होतं. तपकिरी झालं की टाकून द्या, महाग होतं म्हणून संपवत बसू नका.

निखिल मेडिकल (गेट २ समोर): डॉक्टर मॅडमच्या पोस्टला जोडून लिहितो. चेहरा बिघडला की लोक काउंटरवर येऊन "ती तीन औषधांची गोरेपणाची ट्यूब" मागतात. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असतं. २०१८ पासून अशा स्टिरॉइड क्रीमांना शेड्यूल एच लागू आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी देणार नाही. ग्रुपवर माझ्याविषयी "अडवणूक करतो" असं लिहिलं गेलं होतं, म्हणून स्पष्ट सांगतो.

खजिनदार बी-१०३: ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, निखिलभाऊ.

निखिल मेडिकल (गेट २ समोर): नाव होतं, सर. असो.

डॉ. मृणाल सी-३०१: निखिल योग्य करतोय. ते क्रीम पहिले काही दिवस छान वाटतं, लाली उतरते, रंग उजळतो. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, पुटकुळ्या आणि लव वाढते. बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून लोक पुन्हा लावतात. ज्यांचं चालू आहे त्यांनी एकदम थांबवू नये, दाखवून कमी करावं.

वैशाली बी-७०४: मुद्दा मुलींचा आहे. बारा वर्षांच्या त्वचेला नेमकं लागतं काय? दोन ओळीत सांगाल का?

डॉ. मृणाल सी-३०१: रात्री साधं क्लेन्झर, कोरडं वाटलं तर मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. सुरकुत्यांचं, डागांचं, सोलायचं काहीही नको.

प्राची सी-९०३: पण ॲडापलीन ०.१% अमेरिकेत १२ वर्षांपासून पुढे चिठ्ठीशिवाय मिळतं, तेही रेटिनॉइडच. मग या किटवरच राग का?

डॉ. मृणाल सी-३०१: कारण ते मुरुमांवरचं औषध आहे, "ग्लो" साठी नाही. मुरुम असतील तर संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, एक दिवसाआड रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. ओल्या त्वचेवर जास्त चुरचुरतं. नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती आधी मॉइश्चरायझर. पहिले २ ते ६ आठवडे थोडी कोरड येते. तेवढ्यात वर ग्लायकॉलिक चालू ठेवलं की मुलगी रडत येते. गरोदर स्त्रियांनी कुठलंच रेटिनॉइड लावू नये, हेही पत्रकात कुठे नाही.

प्राची सी-९०३: ओके. मग १२ वर्षांची अट काढायलाच हवी. मी स्टॉलच्या बाजूने नाहीये, फक्त "सगळं केमिकल वाईट" या सुराला विरोध आहे.

वैशाली बी-७०४: तो सूर माझा नव्हता. पण ठीक.

जोशी ए-१०२: पुन्हा टाकतो. हार्डनेस रिपोर्ट. सीरमवर शंभर मेसेज होतात, पाण्यावर एक नाही.

प्रणव सी-६०१: जोशीकाकांकडे टीडीएस मीटर आहे ना? लावा बादलीत, टाका फोटो.

सुहास बी-२०१: टीडीएस मीटर हार्डनेस दाखवत नाही. ते विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं. हार्डनेस म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, त्याची वेगळी चाचणी लागते. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं पाणी बेसाल्टमधून येतं म्हणून जड. आणि जोशीकाकांचं म्हणणं या विषयाच्या बाहेरचं नाही. जड पाण्यात फेसवॉशचा अंश त्वचेवर जास्त राहतो, त्वचा ओढल्यासारखी होते. लोकांना वाटतं सीरम कमी पडतंय.

जोशी ए-१०२: 🙏 हेच दोन वर्षं सांगतोय.

सई बी-४०२: डॉक्टर, "आधी पुटकुळ्या येतात, घाण बाहेर पडते, लावत राहा" असं पत्रकाच्या मागे छापलंय. खरं का?

डॉ. मृणाल सी-३०१: अर्धवट खरं. रेटिनॉइड किंवा ॲसिड सुरू केल्यावर जिथे एरवी मुरुम येतात तिथेच थोडे जास्त येऊ शकतात, ४-६ आठवड्यांत बसतात. घाण वगैरे काही बाहेर पडत नाही. पण खाज, जळजळ, नवीन जागी पुरळ, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबणं, कपाळ ताणून चकाकणं, ही इजेची लक्षणं. तिथे "लावत राहा" हा सल्ला चुकीचा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर इजेची लाली गेली तरी मागे काळा डाग राहतो, आणि तो जायला महिने लागतात. डाग घालवायच्या किटनेच डाग पडतात ते असे.

सई बी-४०२: कपाळावर बारीक एकसारखे खाजरे दाणे असतील तर?

डॉ. मृणाल सी-३०१: ते बऱ्याचदा मुरुम नसून बुरशीचे असतात. तेलकट क्रीम, फेस ऑइल, केसांचं तेल कपाळावर उतरणं यांनी वाढतात. मुरुमांची क्रीमं चोपडू नका, दाखवून घ्या. आणि दुचाकीवर रोज तोच स्कार्फ घट्ट बांधत असाल तर तो रोज धुवा, हेल्मेटचं आतलं अस्तर आठवड्याला. घाम आणि घर्षणाचे मुरुम कुठल्याच सीरमने जात नाहीत.

देशपांडे काकू ए-३०४: ज्यांचा चेहरा आत्ताच बिघडलाय त्यांनी काय करायचं ते लिही ना, मृणाल.

डॉ. मृणाल सी-३०१: लिहिते, काकू. सगळं बंद. खरोखर सगळं, "फक्त व्हिटॅमिन सी चालू ठेवते" नाही. रात्री एकदा सौम्य क्लेन्झर, सकाळी कोमट पाणी. बिनवासाचं मॉइश्चरायझर चेहरा किंचित ओला असताना, दिवसातून दोन-तीनदा. फारच सोललं असेल त्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. वाफ, फेशियल, ब्लीच, हळद-लिंबू नको. बहुतेकांना २ ते ४ आठवडे पुरतात. डोळे सुजले, पाणी भरलेले फोड आले, पू किंवा स्राव दिसला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

डॉ. मृणाल सी-३०१: नंतर एकावेळी एकच वस्तू परत आणायची. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस. काही झालं नाही तर चेहऱ्याला. दोन आठवडे नीट गेले तरच पुढची.

प्राची सी-९०३: आणि सनस्क्रीनचं मोजमाप लिहा, तिथे सगळे कंजुषी करतात.

सुहास बी-२०१: एसपीएफची (सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्या आकड्याची) चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते. चेहरा आणि मान मिळून एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे दोन बोटं भरून. दोनदा लावलं तर किटमधली १५ मिलीची ट्यूब आठवडाभरात संपेल. सीरमं मात्र दोन-दोन महिने पुरतील. जी एक वस्तू सगळ्यांना लागते तीच सगळ्यात छोटी दिली आहे. आणि ॲसिड लावणाऱ्याने सनस्क्रीन चुकवलं तर त्वचा उन्हाने अधिकच भाजते.

प्रणव सी-६०१: हे ऐकून मी आजपासून फक्त पाण्याने तोंड धुणार.

जोशी ए-१०२: कुठल्या पाण्याने?

सेक्रेटरी ए-५०२: सर्वांचं वाचलं. भाडं घेतलंय, एकतर्फी रद्द केलं तर ते वाद घालतील. अडवायला ठोस कारण द्या. कागद कुठले मागू?

सुहास बी-२०१: कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, वापराची मुदत, उत्पादन परवाना क्रमांक आणि घटकांची यादी लागते. आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता. फोटोत टोनर आणि मास्कवर परवाना क्रमांक दिसत नाही, मास्कवर घटकांची यादीच नाही. नऊही बाटल्यांचे पूर्ण फोटो लेखी मागा. "स्किन चेकअप" कोण करणार, त्यांचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक काय, तेही.

निखिल मेडिकल (गेट २ समोर): "सात दिवसांत गोरेपणा" असं काही निघालं तर ते आधी बाजूला ठेवा. अशा बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा निघतो आणि तो मूत्रपिंडाला बाधतो.

वैशाली बी-७०४: आणि १८ च्या खालच्या कोणालाही विक्री नाही, पालक सोबत असले तरी नाही. हे लेखी.

सेक्रेटरी ए-५०२: मागतो. कागद शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर भाडं परत, स्टॉल नाही. खजिनदार साहेब, चालेल ना?

खजिनदार बी-१०३: चालेल. पण पुढच्या वेळी परवानगीआधी मलाही विचारा.

सेक्रेटरी ए-५०२: जोशीकाका, तुमचा रिपोर्ट मिळाला. टँकरच्या पाण्याचा हार्डनेस ४८० मिलिग्रॅम प्रति लिटर.

जोशी ए-१०२: बघा!

सुहास बी-२०१: भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बेकायदा नाही, पण जास्त आहे. प्लांटच्या सॉफ्टनरमधलं मीठ किती दिवसांनी बदलतात ते ऑपरेटरला विचारा. रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर पुन्हा ताजा करणं) वेळेवर झालं नाही तर जड पाणी तसंच वर चढतं. तोवर टँकरच्या दिवशी फेसवॉश कमी घ्या आणि चेहरा नेहमीपेक्षा जास्त वेळ धुवा.

प्राची सी-९०३: मृणालताई, नायसिनामाइड ५% एकटं चालू ठेवलं तर चालेल ना?

डॉ. मृणाल सी-३०१: जळजळ नसेल तर चालेल. १०% ची गरज नाही.