कंपनी रिझाइन लिहून मागतेय, सही केली तर ईएसआयचा (कामगार विम्याचा) बेकारी भत्ता मिळतो का? (अंबड, नाशिक)

अंबडचा_व्हीएमसी:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय पण प्लीज वाचा. मी अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत व्हीएमसी ऑपरेटर आहे, म्हणजे होतो. कंपनीच्या रोलवर ४ वर्षं ९ महिने, त्याआधी दोन वर्षं सातपूरला ठेकेदाराकडे. ग्रॉस १७,५००, त्यात बेसिक ११,०००. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, आधी ओटी बंद केला, मग तिसरी शिफ्ट बंद, आणि परवा ३१ जानेवारीला आम्हा अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं उद्यापासून येऊ नका. लेटर नाही काही नाही. एचआर मॅडम म्हणतात 'वैयक्तिक कारणामुळे नोकरी सोडत आहे' असं हाताने लिहून द्या, आठ दिवसात फुल अँड फायनल करून टाकतो, नाहीतर हिशोब लटकेल. अकरातल्या सहा जणांनी दिलं पण लिहून.

मी उद्या देतो म्हणून निघून आलो. पपया नर्सरीच्या चौकात चहा पीत बसलो तर एक जण म्हणाला ईएसआयकडून बेकारीचे पैसे मिळतात तीन महिने. खरंय का हे? दर महिन्याला १३२ रुपये कापत होते पगारातून, आजवर त्यातून फक्त खोकल्याचं औषध आणलंय. दुसरं म्हणजे मिसेसला चौथा महिना चालूय, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला नाव घातलंय, नोकरी गेली म्हणून ते बंद करतील का? घरी अजून सांगितलेलं नाही, डबा घेऊन निघतोय रोज.

कॉलेजरोड_कोडर:

भाऊ वाईट वाटलं वाचून. पण आपल्याकडे बेकारी भत्ता वगैरे काही नसतं, ते अमेरिकेत. माझा आतेभाऊ तिकडे आहे, त्याला काढलं तर घरबसल्या दर आठवड्याला क्लेम टाकायचा आणि सरकार पैसे द्यायचं, ते पण प्रत्येक राज्याचं वेगळं. मला गेल्या वर्षी काढलं तेव्हा पीएफ सोडून काही मिळालं नाही. रिझाइन देऊन टाक, रिलीव्हिंग लेटर नीट घे, पुढच्या नोकरीला ते लागतं. भांडून काय मिळणारे.

पवननगरचे_काका:

वरच्या मुलाचं ऐकू नको. एकतीस वर्षं अंबडला काढली आहेत, त्यातली बारा युनियनच्या कमिटीत. सही करू नको. बाकी सगळं नंतर.

का ते सांगतो. तू लिहून दिलंस की कायद्याच्या नजरेत तुला कोणी काढलंच नाही, तू स्वतः गेलास. कंपनीला जे द्यावं लागतं ते सगळं त्या एका कागदावर उडतं. कामगार कपात करायची असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफ मध्ये होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झाले त्यातही ठेवलेलं आहे. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुझी पाच वर्षं. पंधरा गुणिले पाच, अडीच महिन्यांचा पगार झाला. वर नोटिशीचा एक. आता कळलं ना मॅडमला तुझी वैयक्तिक कारणं एवढी का हवी आहेत ते!

आणि हिशोब लटकेल ही धमकी पोकळ आहे बाळा. नव्या वेतन कोडप्रमाणे काढलं काय, स्वतः सोडलं काय, हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. तुझा कमावलेला पगार राजीनाम्याला बांधलेला नाही. नव्या कोडात अजून एक आहे, कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार वेगळ्या फंडात भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायला हवा. कागदावर तरी आहे, मागायला काय जातं.

शब्दाचा घोळ पण करू नकोस. सगळे लेऑफ लेऑफ म्हणतात पण कायद्यात लेऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं, तिथे नाव मस्टरवर राहतं आणि बेसिक-डीएच्या निम्मे मिळतात. तुझी ती कपात आहे. अर्जात तसंच लिही.

हिशोबनीस_ताई:

काकांनी कंपनीची बाजू सांगितली, मी ईएसआयची सांगते. सातपूरला तीन छोट्या युनिटचं पेरोल बघते त्यामुळे हे रोजचंच आहे.

दादा, चहावाल्या मित्राने बरोबर सांगितलंय. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून आहे. आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के द्यायचे, कोरोनात २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केलं. आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवस. ही योजना मुदतवाढीवर चालते, त्यामुळे अर्ज टाकायच्या दिवशी चालू मुदत ईएसआयच्या साइटवर बघून घ्या. अटी अशा की बेकार होण्याआधी सलग दोन वर्षं विमाधारक पाहिजे, लगेच आधीच्या कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीचे सहा महिने, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) ७८ दिवस भरलेले पाहिजेत आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एकात ७८. तुमचं पावणेपाच वर्षं न तुटता आहे म्हणजे इथे प्रश्न नाही.

पैसे किती ते पण लोकांना कोणी सांगत नाही, सगळ्यांना वाटतं निम्मा पगार हातात. दोन वर्षांची एकूण कमाई घ्यायची आणि ७३० ने भागायचं. तुमचे १७,५०० धरले तर २४ महिन्यांचे ४,२०,०००, भागिले ७३०, रोजचे साधारण ५७५. त्याचे निम्मे २८७ रुपये आणि काही पैसे. ९० दिवसांचे मिळून २५,८९० च्या आसपास. मधे पगारवाढ झाली असेल तर थोडं कमी येईल कारण आधीचा पगार कमी होता. फार नाहीयेत, पण तीन महिन्यांचा किराणा आणि लाइट बिल निघतं.

बेकारीला ३० दिवस झाले की क्लेम करता येतो, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला. ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या विमा नंबरने लॉगिन करून टाकायचा, कंपनीच्या सहीशिवाय थेट ब्रँच ऑफिसला जातो, २०२० च्या आधी मालकामार्फत पाठवावा लागायचा तेव्हा मालक दाबून बसायचे. वीस रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून प्रतिज्ञापत्र लागायचं तेही तेव्हाच काढून टाकलं, तरी चौकाचौकात झेरॉक्सवाले अजून करायला लावतात आणि दोनशे घेतात. आधार आणि बँक खातं विमा नंबरला जोडलेलं आहे का ते आजच बघा, कारण नाव आधारवर एक आणि ईएसआयवर दुसरं असलं की क्लेम तिथेच अडकतो.

आता रिझाइनचं. गैरवर्तनामुळे काढलेला, रिटायर झालेला, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेला यांना ही योजना नाही. आणि कंपनी महिन्याचं चलन भरताना तुमच्या नावासमोर शून्य दिवस टाकून कारण निवडते, त्यात 'लेफ्ट सर्व्हिस' वेगळं आणि 'रिट्रेंचमेंट' वेगळं. मी स्वतः भरते म्हणून सांगते, मालक सांगतो तेच आम्ही टाकतो. राजीनामा दिला की 'लेफ्ट सर्व्हिस' पडणार आणि मग काउंटरवर तुम्ही सिद्ध करत बसा.

शिवाय दुसरी मोठी योजना आहे ती कोणालाच माहीत नसते, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, आणि तेवढे दिवस घरच्यांसकट औषधोपचार. यासाठी कपातीचा कागद लागतोच. म्हणजे एका सहीत तीन महिने विरुद्ध दोन वर्षं असा फरक आहे. मला काका म्हणाले तेवढं भांडायचं धाडस झालं नसतं कदाचित, पण सही तर मीही केली नसती.

वहिनींच्या हॉस्पिटलची काळजी करू नका. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार मिळतात. ऑक्टोबर ते जानेवारी तुमचे ७८ च्या वर दिवस भरलेत, त्यावर जुलै ते डिसेंबर. चौथा महिना म्हणजे जुलैच्या आसपास डिलिव्हरी ना? बसते त्यात. पेहचान कार्ड आणि वहिनींचं नाव-आधार अपडेट ठेवा फक्त.

(कोडर दादा, तुमचा ग्रॉस २१,००० च्या वर असेल, म्हणून तुम्हाला ईएसआयच नव्हतं. २०१७ पासून तीच मर्यादा आहे. नसतं असं नाही, तुम्हाला नव्हतं.)

कॉलेजरोड_कोडर:

ओके ताई चुकलो, माघार. मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे १७ हजारवाल्याला आहे आणि ३५ हजारवाल्याला ईएमआय सकट काहीच नाही, हे पण भारीये.

माळेगाव_एमआयडीसी:

ताई म्हणतात ते ठीक पण ठेकेदारीवाल्यांनी एक बघा. मी सिन्नरच्या माळेगावात, सहा वर्षांत तीन ठेकेदार बदलले, गेट तेच मशीन तेच फक्त ठेकेदाराचं नाव नवं. विमा नंबर आयुष्यभर एकच असायला पाहिजे पण प्रत्येक ठेकेदाराने जुना विचारलाच नाही आणि नवा काढला. क्लेम टाकला तर सिस्टीम म्हणते दोन वर्षं झाली नाहीत, कारण या नंबरवर सातच महिने. मग तिन्ही नंबरची कार्डं, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट घेऊन तीन चकरा मारल्या, नंबर एकत्र करून घेतले, तेव्हा पैसे आले. दीड महिना गेला त्यात. एक स्लिप नव्हती ती जुन्या सुपरवायझरने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला म्हणून वाचलो. स्लिपा फेकू नका रे.

पीएफचं पण तेच, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) दोन असतील तर आधी जुना ट्रान्सफर करा मग काढा.

हिशोबनीस_ताई:

हो, पीएफचं बरं काढलंत. दादा तुमची ठेकेदाराकडची दोन वर्षं ट्रान्सफर केली तर एकूण पाच वर्षांच्या वर नोकरी धरतात आणि काढलेल्या रकमेवर टॅक्स नाही. नाहीतर पाचच्या आत आणि पन्नास हजारांच्या वर रक्कम असली की १० टक्के टीडीएस. काढायचं तेव्हा किती निघतं ते मात्र नीट बघा. आधी एक महिना बेकार असला की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेलं असं होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या ट्रस्टींच्या बैठकीत ७५ टक्के लगेच आणि बाकीचं १२ महिन्यांनी असं ठरवलं. आणि खरं सांगू का, लगेच सगळं काढू नका. मी नवऱ्याच्या वेळी काढलं आणि ते पैसे कुठे गेले अजून कळलं नाही.

पवननगरचे_काका:

ग्रॅच्युइटी राहिली की. पाच वर्षं पाहिजेत पण शेवटच्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरायचं असा मद्रास हायकोर्टाचा जुना निकाल आहे. कंपनी लगेच मानणार नाही, तरी मागायची. ११,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, एकतीस हजार सातशेच्या वर होतात. ९ महिने झालेत म्हणतोस, हजेरीचे फोटो काढून ठेव.

उद्या जा आणि एकच वाक्य बोल, मॅडम मला काम करायचंय, काम नसेल तर तसं लेखी द्या. आवाज चढवू नको. दिलं नाही तर तेच वाक्य ईमेल कर आणि रजिस्टर एडीने पण पाठव, पोहोच जपून ठेव. मग कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज. जे पाच राहिलेत त्यांनी एकत्र जा, एकटा जाऊ नको. आणि घरी सांग आजच्या आज. डबा घेऊन त्रिमूर्ती चौकात बसणारी माणसं मी पाहिली आहेत, दुसऱ्याकडून कळतं तेव्हा जास्त लागतं.

अंबडचा_व्हीएमसी:

सगळ्यांना हात जोडून थँक्यू. काल रात्री घरी सांगितलं. मिसेस पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली मला सोमवारपासूनच कळलं होतं, डबा अर्धा परत येत होता.

आज आम्ही चौघं गेलो, पाचवा आदल्या रात्रीच लिहून देऊन आला, त्याला कर्जाचा हप्ता होता, त्याला काय बोलणार. मॅडमना काकांचं वाक्य जसंच्या तसं बोललो. त्या म्हणाल्या साहेबांना विचारते. तासभर बसवलं, मग साहेब आले, म्हणाले तुम्हाला हे कोणी शिकवलं. लेटर दिलं नाही अजून, सोमवारी या म्हणालेत. ईमेल आत्ताच पाठवला, एडी उद्या करतो.

विमा नंबर चेक केला, एकच निघाला, देवाची कृपा. पण बँक खातं जुनं दाखवतंय, ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदललाय. ताई, हे ऑनलाइन बदलता येतं की पासबुक घेऊन जावं लागेल?

हिशोबनीस_ताई:

आधी पोर्टलवर लॉगिन करून बघा, नाही झालं तर नवीन पासबुकाची झेरॉक्स आणि आधार घेऊन ब्रँच ऑफिसला जा. सकाळी दहाला जा, जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी असते. आणि झेरॉक्स घरूनच काढून न्या.