डिस्क बसवल्यावर चाकं तापतात त्याबद्दल

1968 च्या शेवरोले सी-10 पिकअपला पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवल्यापासून चाकं जाम होऊन तापतात म्हणताय, पण लगेच कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलू नका. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) जुना ड्रमचाच आहे का? ड्रमच्या मास्टरमधला व्हॉल्व्ह लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रममधल्या शूजना मागे ओढायला स्प्रिंग असतात, डिस्कच्या पॅडना नसतात. ते घासतच राहतात.

एक मित्र हाताशी घ्या. गाडी स्टँडवर चढवून ब्रेक दाबून सोडा. त्याने चाक फिरवत राहावं, तुम्ही मास्टरचे नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा. चाक सुटलं तर पुशरॉड (पेडलकडून मास्टरला ढकलणारा दांडा) लांब आहे. नाही सुटलं, तर मास्टरवरची पुढच्या ब्रेकची पाइप ढिली करा. सुटलं तर तोच व्हॉल्व्ह. तरीही नाही, तर शेवटी कॅलिपरचा ब्लीडर (हवा-ऑइल काढायचा स्क्रू) उघडा. तिथे सुटलं तर रबरी होज आतून फुगलाय, वरून तो अगदी ठणठणीत दिसतो! ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) व रोटर (ब्रेकची डिस्क) 1971-72 चे घेतले असतील तर पुढच्या चाकांना पाच बोल्ट, मागच्यांना सहा. स्टेपनी दोन लागतील, किंवा मागचे अ‍ॅक्सलही बदला.