फ्रान्समधल्या कालवांच्या छोट्या जागा: खाल्लेल्यांनी आणि प्लेट बघून पळालेल्यांनी अनुभव लिहा

धागाकर्ता

पॅरिसवर धागे पायलीला पन्नास आहेत, आयफेलची रांग, लूव्रची तिकिटं, व्हेज कुठे मिळेल वगैरे. हा त्यातला नाही. फ्रान्सात अगदी छोट्या जागा असतात जिथे कालवं (ऑयस्टर) सोडून जवळपास दुसरं काही मिळतच नाही, तिथे बसून कोणी कोणी खाल्लंय, कसं लागलं, ते लिहा. मोठ्या ब्रासरीतले (तिकडची मोठी हॉटेलं) बर्फाचे तीनमजली थाळे नकोत, त्यांचे फोटो इन्स्टावर भरपूर आहेत.

सुरुवात मीच करतो. पॅरिसच्या सँ-जर्मँ भागात रू द मोंफोकाँ नावाची छोटीशी गल्ली आहे, तिथे 'उईत्ररी रेझीस'. पांढरी चकचकीत जागा, टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याने लिंबू पिळलं की फवारा आपल्या चष्म्यावर. मी गेलो तेव्हा बुकिंग वगैरे भानगड नव्हती, दारात उभं राहायचं आणि आतल्यांच्या प्लेटकडे बघत बसायचं. स्वयंपाक असा काही नाहीच. एक जण कालवं उघडतोय, दुसरा आणून देतोय, सोबत ब्रेड, बटर, लिंबू आणि बारीक चिरलेला छोटा कांदा घातलेलं व्हिनेगर, झालं. माल येतो मारेन-ओलेराँहून, अटलांटिकच्या किनाऱ्यावरून. तिकडे समुद्रात वाढवलेली कालवं शेवटचे काही आठवडे उथळ मातीच्या तळ्यांत ठेवतात, त्यांना क्लेर म्हणतात, आणि यातली बरीचशी तळी म्हणजे जुनी मिठागरं आहेत. त्या पाण्यात एक निळसर सूक्ष्म शेवाळ असतं त्याने कालवाच्या कडा चक्क हिरव्या होतात. बायको म्हणाली बुरशी आलीये, परत दे. हिरवी म्हणजे भारीतली, असं वेटरने हसत सांगितलं तरी तिने खाल्लं नाही ते नाहीच, त्यामुळे माझी चांदी.

नंबरचं उलटं असतं हे लक्षात ठेवा. 5 नंबर सगळ्यात लहान, 0 नंबर सगळ्यात मोठं. 3 नंबर म्हणजे शिंपल्यासकट 66 ते 85 ग्रॅम, पहिल्यांदा जाणाऱ्याने 4 किंवा 3 घ्यावं, त्यापेक्षा मोठं एकदम तोंडात मावत नाही आणि मग फजिती.

ओहोटीची_वाट

आम्ही आईला घेऊन कांकालला गेलेलो, ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य कोपऱ्यात. आई वेंगुर्ल्याकडची, लहानपणी ओहोटीला खडपावर कोयती घेऊन कालवं काढायला जायची, घरी त्याचं वाटप लावून सोलं घालून कालवण. तर कांकालला बंदराच्या टोकाला कालवांचा छोटासा बाजार आहे, चार-दोन टपऱ्या, तिथे डझनावर घ्यायची, बाई तिथल्या तिथे उघडून प्लॅस्टिकच्या ताटलीत लिंबाबरोबर देते, पायऱ्यांवर बसून खायचं आणि शिंपले सरळ खाली किनाऱ्यावर भिरकवायचे, सगळेच भिरकावतात, खाली नुसता पांढरा सडा. हवा साफ असेल तर लांब मों-सँ-मिशेल, तो समुद्रातल्या टेकडीवरचा मठ, दिसतं.

आईने आधी आजूबाजूला नीट बघून घेतलं आणि मग मोठ्याने, "ही माणसां कच्ची खातत? हेंच्याकडे गॅस नाय काय?" नशीब कुणाला कळलं नाही. मग ती अर्धा तास त्या बाईचा हातच बघत उभी. आमच्याकडे वरचा शिंपला टोचून फोडतात, खालचा खडकालाच राहतो. ही बाई सुरी बाजूने घालायची, आतला जो स्नायू दोन्ही शिंपले धरून ठेवतो तो कापायची, की झाकण आपोआप सुटं. एक ठीकरी पडत नाही आत. आईला ते फार आवडलं. मग समुद्राकडे बघून विचारते, पाणी एवढं लांब कसं गेलं? त्या खाडीत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत 14 मीटरपर्यंत फरक पडतो, म्हटल्यावर ती गप्पच झाली. उधाण आणि भांग (मोठी आणि छोटी भरती-ओहोटी) तिला पाठ आहे, पण चार मजली घराएवढं पाणी चढतं-उतरतं हे तिला पटेना. कालवं वाढवायला लांब समुद्रात ठेवलेली टेबलं फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडी पडतात, तेव्हाच ट्रॅक्टर घेऊन कामाला जातात लोक.

शेवटी खाल्लं तिने एक. चावून, नीट. म्हणाली, "मीठ बरोबर पडलाहा." आणि दुसऱ्याला हात घातला.

साबुदाणा_खिचडी

मी शाकाहारी, तरी अनुभव लिहितेच. बोर्दोला ऑफिसातल्यांनी आर्काशाँच्या खाडीत काप फेरेला नेलं, तिथे कालव पिकवणाऱ्यांच्याच लाकडी झोपड्या आहेत, पाण्याला लागून, समोर ती प्रचंड पिलाची वाळूची टेकडी, उंची 100 मीटरच्या आसपास. जागा इतकी सुंदर की काय सांगू. पण खायला मला काय? ब्रेड, बटर, लिंबू. लिंबू! त्या झोपड्यांना रेस्टॉरंट चालवायची परवानगी नसते, फक्त चाखायला द्यायची, म्हणून कालवं, कोळंबी, शंखासारखं काहीतरी, पाते (ब्रेडबरोबर खायचा मांसाचा लगदा) आणि वाइन, बस. मी गोड विचारलं, नाही. कॉफी विचारली, तीही नाही. बाकीचे कालवासोबत गरम सॉसेज खात होते, ती म्हणे बोर्दोची पद्धत, सॉसेज पण बाहेरून आणलेलं. बटर मात्र मिठाचं होतं आणि अप्रतिम होतं, अख्खी वाटी मी संपवली. पुन्हा नेलं तर जाईन, डबा घेऊन.

डॉ_खवय्ये

कोणी पोटाचं लिहिलं नाही अजून, मी लिहितो. एका किनाऱ्यावरच्या गावात, नाव नाही घेत, कालवं खाऊन दीड दिवस बाथरूममध्ये काढलेत. नोरोव्हायरस असावा, लक्षणं तीच. लिंबाने किंवा व्हिनेगरने जंतू मरतात हा गैरसमज डोक्यातून काढा, वाइनने तर अजिबातच नाही. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्यात. 2023 च्या डिसेंबरात पावसाने गटारं तुंबून घाण आर्काशाँच्या खाडीत गेली, लोक आजारी पडले, आणि 27 डिसेंबरला, म्हणजे ऐन थर्टीफर्स्टच्या तोंडावर, तिथल्या कालवांच्या विक्रीवर बंदी आली ती 19 जानेवारीपर्यंत. पिकवणाऱ्यांचं वर्षाचं मोठं उत्पन्न या सणांच्या दिवसांतच येतं, ते चिडले ते बरोबरच होतं, गटार काही त्यांचं नव्हतं. गरोदर बायका, लिव्हरचे पेशंट, म्हातारी माणसं, यांनी कच्चं खाऊच नये. मी स्वतः? खातो अजून. मेलेलं नाही ना तेवढं बघतो, लिंबू पिळल्यावर किंवा सुरीचं टोक लावल्यावर कड आक्रसली पाहिजे.

तुलूझकर

अटलांटिकवाल्यांनी भूमध्य समुद्राला विसरू नका राव. सेतजवळ 'तो' नावाचं खारं सरोवर आहे, त्याच्या काठी बुझिग गाव. तिथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच, मग खडकावर-टेबलावर वाढवून काय उपयोग, म्हणून ते लहान कालवं सिमेंटने दोरीला चिकटवतात, एकेक करून, हाताने, आणि दोऱ्या पाण्यात लोंबत सोडतात. हे मला एका म्हाताऱ्याने टेबलाशी उभं राहून सांगितलं, आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याला वेळच वेळ. सोबत पिकपूल द पिने, तिथलीच व्हाइट वाइन. कालवं जरा खारट जास्त. पण किमतीत पॅरिसवाल्यांनी बघावं.

शिंपला_उघडा

'ज्या महिन्याच्या नावात आर (R) त्याच महिन्यात खा', म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, हे फ्रेंचमध्ये पण आहे, उन्हाळ्यात कालवं अंडी धरतात आणि दुधाळ होतात, काही फ्रेंच लोकांना तसंच आवडतं, मला ते गिळवत नाही. हल्ली बारमाही मिळतात ती ट्रिप्लॉइड, प्रजनन न होणारी, त्यामुळे ऑगस्टातही दुधाळ होत नाहीत. माझे एक प्रोफेसर त्यांना हातही लावत नाहीत.

आणि एक गंमत. आज फ्रान्सात जे खोलगट कालव सगळीकडे दिसतं ते मूळचं जपानचं. त्याआधी पोर्तुगीज होतं, ते तर चुकून आलेलं. 1868 मध्ये एका जहाजाने माल खराब झाला समजून जिरोंदच्या मुखाशी पाण्यात टाकला आणि त्यातली जिवंत होती ती पसरली. पुढे रोग येऊन 1970 च्या सुमारास ती मेली, तेव्हा जपानहून आणली. खरं गावचं म्हणजे चपटं कालव, ते आता थोडंच पिकतं आणि महाग.

धागाकर्ता

@ओहोटीची_वाट, आईंना आमचा नमस्कार सांगा.

@डॉ_खवय्ये, बरं झालं लिहिलंत. मालवणहून एकाने मेसेज करून विचारलंय की आपल्याकडची कच्ची खाल्ली तर? नका खाऊ. तिकडे किनाऱ्याचे पट्टे तपासून ए, बी, सी ठरवलेले असतात, ए मधलं सरळ ताटात, बी मधलं स्वच्छ पाण्यात शुद्ध करूनच विकायचं. आपल्याकडे खडपावरून आणलेल्या कालवाला असली तपासणी कुठली, कालवणच करा.

बोंबील_फ्राय

चपटं खाल्लंय मी, ब्रिटनीतच, बलाँ म्हणतात. दुपारी चार वाजता, दुकान बंद करता करता त्यांनी आत घेतलं. गोल, दिसायला सुरेख, पहिल्यांदा काहीच लागत नाही आणि मग मागून तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी चव येते ती बराच वेळ जात नाही. बाजूचे दोघे डोळे मिटून खात होते. मी सहा मागवलेली, चार खाल्ली, उरलेली मित्राला दिली आणि साधी 3 नंबर मागवली. महाग आहे म्हणून चांगलंच म्हणायचं असं थोडंच आहे.