तंबोऱ्यातला गंधार
सौंदर्य ज्याच्या-त्याच्या आवडीचं, सत्य मात्र सगळ्यांना एकच, असं तुम्ही म्हणता. ही वाटणी जुनीच आहे. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळ कापुथला आइन्स्टाइन टागोरांना हेच म्हणाले: माणूसच उरला नाही तर अपोलोचा पुतळा सुंदर नाही, कबूल; पण पायथागोरसचा सिद्धांत खराच राहील. टागोरांना सत्याबद्दलचं हे म्हणणं मान्य नव्हतं.

मला मुळात वाटणीच पटत नाही. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडा; कुणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ग हा स्वर, ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, हवं तर मोजून बघा. पेटीचा गंधार त्या हिशेबाने अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका चढा. पेटीवर वाढलेल्या आमच्या कानांना तोही गोडच लागायचा. पण तंबोऱ्याजवळ वर्षभर बसल्यावर तोच बोचायला लागला. ही नुसती आवड कशी?