'स्मार्ट प्लेलिस्ट'ला आपला शब्द कोणता?

परभणी : वडिलांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. भजनं, भारुडं, नाट्यपदं, कव्वाल्या मिळून आठशेवर फायली. आता लावालाव चाललीय. ऐकलेल्या गाण्याला एक ते पाच तारे देतो आणि प्रोग्रामला सांगून ठेवलंय, 'चार किंवा जास्त तारे असलेली, पण सहा महिन्यांत न वाजलेली' तेवढीच दाखव. काल वाजलेलं गाणं आज त्यातून गळतं, जुनं एखादं वर येतं. वडील विचारतात, याला म्हणायचं काय? दोन शब्द हवेत. एक याला, एक रेटिंगला.

नांदेड : स्वयंचलित गीतसूची. आणि मानांकन.

लातूर : दादा, हे म्हणायला गेलात तर वडील म्हणतील, रेल्वे कोणत्या फलाटावर यायलीय?

अंबाजोगाई : साध्या प्लेलिस्टला शब्द शोधायची गरजच नाही, वारकऱ्यांकडे 'भजनी मालिका' आहेच. कोणत्या अभंगामागून कोणता, हे तिच्यात ठरलेलं. वारांचे अभंग वेगळे. पण 'मालिका' शब्द टीव्हीनं नेला. आईला 'मालिका लाव' म्हटलं तर ती रिमोटच शोधेल.

तुमची अडचण मात्र वेगळी आहे. यादीत नावं असतात, तुमच्या त्या प्रकारात नावं नाहीतच, अट आहे. नावं प्रोग्राम त्या त्या वेळी भरतो. ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या प्रोग्राममध्ये हा प्रकार २००२ साली आला तेव्हा त्याला 'स्मार्ट' म्हटलं, कारण विकायचं होतं. आपण अटीवरून नाव द्यावं. मी 'नेम' सुचवते. 'नियम'चंच घरगुती रूप. एकादशीचा नेम असतो, म्हणजे कोणत्या तारखेला उपास ते कुणी लिहून ठेवत नाही. तिथी आली की नेम लागू. तुमचं गाणंही सहा महिने भरले की आपोआप आत येतं.

लातूर : नेम चांगलाय, पण 'त्याचा काही नेम नाही' असं बी आपण म्हणतो की. मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात वाढलेला माणूस, मला तर ही चाळणीच वाटायलीय. माल तोच, भोकं बदलली की वेगळा माल हाती येतो.

परभणी : चाळणी आवडली. पण घ्यायचं काय, वर राहिलेलं की खाली पडलेलं? पीठ चाळताना खालचं आपलं, कोंडा वर. गहू चाळताना गहू वर आणि माती खाली.

लातूर : हे मात्र खरंय. गप बसतो.

नांदेड : रेटिंगवर कुणी बोललं नाही. मानांकन जड वाटत असेल तर मोंढ्यातलाच 'प्रत' घ्या. पहिली प्रत, दुसरी प्रत.

अंबाजोगाई : इथे नको. 'या गाण्याची प्रत चांगली आहे' म्हणजे काय कळायचं? गाणं आवडलं, की आवाज स्वच्छ उतरला, की एकाच गाण्याच्या दोन फायलींपैकी ही बरी? कॅसेटवरून उतरवलेल्या संग्रहात तिन्ही प्रश्न रोजचे आहेत. आवडत्या गाण्याची फाईल खरखरीत असते आणि नावडतं गाणं लख्ख वाजतं. 'पसंती' घ्या. वडिलांनाही समजेल.

आणखी एक. एमपी३ फाईलच्या आतच गाण्याची माहिती ठेवतात ना, त्या आयडी३ पद्धतीत पसंतीचा आकडा १ ते २५५ असतो, १ म्हणजे सर्वांत वाईट. शून्याचा अर्थ 'वाईट' नाही, 'अजून ठरवलेलं नाही'. मार्कलिस्टवर शून्य आणि गैरहजर यांत जो फरक, तोच. म्हणून तारे न दिलेल्या गाण्याला 'शून्य तारे' म्हणू नका, 'कोरं' म्हणा.

परभणी : 'कोरं' लगेच उचललं. सव्वातीनशे कोरी निघाली! हा आकडा फाईलच्या आत राहतो हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिला प्रोग्राम तारे स्वतःच्याच वहीत ठेवायचा. मशीन बदललं, वही तिकडेच राहिली, दोन महिन्यांची मेहनत पुन्हा करावी लागली.

बाकी, अटीला आम्ही 'नेम' म्हणायला लागलो. पण अख्ख्या प्रकाराला वडिलांनी परस्परच नाव पाडलं. काल संध्याकाळी खुर्चीतून म्हणाले, "आजची लाव."

लातूर : घ्या! आपण उगी डोकं खाजवायलो.

अंबाजोगाई : छान. फक्त 'आजची' हे व्याकरणात काय धरायचं? 'यादी' मनात असेल तर स्त्रीलिंगी एकवचन, 'गाणी' असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन. रूप दोन्हीकडे एकच. वडिलांना विचारून सांगा.